हप्ता घ्या, पण पट्टी विसरू नका

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कांद्याच्या भावावर बोलायला आम्ही निफाड, चांदवड, देवळा, येवला, बागलाण अशा कोणत्याही तालुक्यात गेलो, की बैठक संपता संपता कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो. 'साहेब, आपण म्हणतो भीक नको, घामाचे दाम हवेत. मग खात्यावर दोन हजार येतात ते घ्यायचे की नाही? घेतले तर आपण लाचार झालो का?' विचारणारा खालच्या आवाजात विचारतो. त्याच्या मागे बसलेल्या बाया मात्र मान वर करून उत्तराची वाट बघत असतात. त्या दोन हजारांतून दुकानाची उधारी त्यांनीच फेडलेली असते.

गावात या पैशाबद्दल दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, दारूला लागतो, कामाला मजूर मिळत नाही. दुसरे मत असे, की सरकारने दिले म्हणून आपण तगलो, तेव्हा सरकारचे उपकार मानावेत. आम्हाला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. का, ते आज हिशेबाने मांडायचे आहे. आपली चळवळ हिशेबाने उभी राहिली. एक क्विंटल कांदा पिकवायला खर्च किती आणि बाजारात मिळाले किती, एवढ्या एका प्रश्नाने १९८० च्या नोव्हेंबरात या जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे थांबल्या होत्या. हप्त्यालाही तोच प्रश्न विचारू. घरात आले किती, आणि घरातून गेले किती?

हप्ता आहे तरी किती?

आधी योजना नीट समजून घेऊ. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी १ फेब्रुवारी २०१९ च्या हंगामी अर्थसंकल्पात जाहीर झाला आणि २४ फेब्रुवारीला गोरखपूरला सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला ही योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. त्याच वर्षी जूनमध्ये ती सर्व जमीनधारकांना लागू केली. प्राप्तिकर भरणारे, पेन्शनवाले, डॉक्टर, इंजिनिअर अशांना वगळले. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीच्या कार्यक्रमात वाटला गेला. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला १२,००० रुपये, महिन्याला १,०००.

या पैशाचा एक गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तो बिनशर्त आहे. त्याचे काय करायचे हे कोणी सांगत नाही. अमुक कंपनीचेच औषध घ्या, तमुक दुकानातूनच पंप घ्या, पूर्वसंमती आणा, कोटेशन जोडा, मग अनुदान, असले काही नाही. आमच्यासारख्या कृषी पदवी घेतलेल्यांना कॉलेजात शिकवले जाते, की शेतकऱ्याला काय हवे ते शास्त्र सांगते आणि खाते पुरवते. प्रत्यक्षात अनुदानाच्या अवजाराची किंमत अनुदान जाहीर होताच वाढते, आणि अनुदानातला मोठा हिस्सा विकणाऱ्याच्या गल्ल्यात जातो. हातात रोख पैसा दिला तर निर्णय ज्याचा घाम गळतो त्याच्याकडे राहतो. शेतकऱ्याला बाजारात स्वातंत्र्य हवे म्हणणाऱ्या चळवळीला ही गोष्ट तत्त्व म्हणून पटायलाच हवी.

बिनशर्त पैशाने घर बिघडते का?

आता पहिल्या मताकडे येऊ. फुकटच्या पैशाने माणूस बिघडतो का? ही गोष्ट पारावरच्या चर्चेने ठरणार नाही. जगात याची सर्वात बारकाईने तपासणी झाली ती आफ्रिकेत, केनिया देशाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या सियाया जिल्ह्यात. तिथला शेतकरी आपल्या पेठ-सुरगाण्यातल्या शेतकऱ्यापेक्षा फार वेगळा नाही. एक-दोन एकराचा तुकडा, पावसावरचा मका, थोडी कडधान्ये, दोन शेळ्या, चार कोंबड्या, आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधावर मजुरी.

गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेने तिथल्या गरीब घरांना कसलीही अट न घालता मोबाईलवरून पैसे पाठवले. गरीब कोण हे ठरवायला दाखला मागितला नाही. ज्याच्या घरावर गवताचे छप्पर तो गरीब, इतकी सोपी खूण धरली. २०१४ ते २०१७ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत ६५३ गावे होती आणि १०,५०० च्या वर घरांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर मिळाले. तिथल्या घराच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळजवळ पाऊण हिस्सा होईल एवढी ही रक्कम. काही गावांना पैसे दिले, काहींना दिले नाहीत, आणि मग दोन्हींची तुलना केली. आपण खताच्या चाचणीत शेजारी एक वाफा बिनखताचा ठेवतो, तसेच हे.

काय दिसले? घरांनी पत्र्याचे छप्पर घातले. हा चैनीचा खर्च नव्हे, कारण गवताचे छप्पर सारखे नवे करावे लागते आणि त्यात दर वेळी पैसा आणि मजुरी जाते. गुरे-शेळ्या घेतल्या. पोटभर जेवण वाढले. त्याच भागात २०११ ते २०१३ या काळात आधी झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दारू आणि तंबाखूवरचा खर्च खास मोजला होता. तो वाढलेला नव्हता. पैसा आलेल्या घरांत बायकांना होणारी मारहाण कमी झाली. ज्यांना एकरकमी पैसा मिळाला त्यांनी टिकाऊ वस्तू केल्या. ज्यांना महिन्याला थोडा थोडा मिळाला त्यांच्या घरात खाण्याची ददात कमी झाली. आणि २०२५ साली पुढे आलेल्या निष्कर्षांनुसार या पैशाच्या काळात जन्मलेल्या बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. कारण अवघड नाही. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला शेतावर राबावे लागले नाही आणि दवाखान्यात जायला हातात पैसा होता.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. ज्यांना पैसा मिळाला नाही त्या शेजाऱ्यांचीही मिळकत वाढली. पैसा गावातच फिरला, दुकानदाराकडे, सुताराकडे, मजुराकडे. बाहेरून आलेल्या एका रुपयामागे त्या मुलखात सुमारे अडीच रुपयांची उलाढाल झाली आणि महागाई मात्र जवळजवळ वाढली नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की गाव उभे राहते, असे आपण गेली चाळीस वर्षे सांगत आलो. केनियात ते मोजून दाखवले गेले.

इतक्या लांब जायचे नसेल तर शेजारच्या मध्य प्रदेशात पाहा. २०११-१२ च्या सुमारास इंदूरकडच्या काही गावांत 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने असाच प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये आणि मुलाला १००. पुढे ते ३०० आणि १५० केले. एक गाव आदिवासींचे होते. तिथेही दारू वाढल्याचे दिसले नाही. उलट लोकांनी शेळ्या-म्हशी घेतल्या, बियाणे-खत घेतले, सावकाराचे ओझे हलके केले. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारा माणूस स्वतःच्या तुकड्यावर जास्त दिवस राबू लागला.

'मजूर मिळत नाही' ही तक्रार ज्यांना आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा ऐकावे. तो माणूस कामच करत होता, पण स्वतःच्या शेतावर. त्याला आळशी म्हणायचा अधिकार कोणाला पोचत नाही. बैठकीत आम्ही सरळ सांगतो: जो बागाईतदार स्वतः द्राक्षाच्या बागेला अनुदानाचे ठिबक घेतो, त्याने भूमिहीनाच्या खात्यावरच्या पैशाकडे बोट दाखवू नये.

मग आपल्याकडे घर का उभे राहत नाही?

इथे कोणी विचारेल, केनियातले घर उभे राहिले, मग आमच्या निफाड-चांदवडचे का नाही? २०१९ पासून हप्ते येतच आहेत.

पहिले कारण रकमेचे. तिथे वर्षाच्या खर्चाच्या पाऊण हिस्सा मिळाला. आपल्याकडे काय स्थिती आहे? केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१८-१९ साली देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळून सरासरी उत्पन्न महिन्याला १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकातून मिळणारे फक्त ३,७९८ रुपये. त्याच पाहणीत घरटी सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये होते. केंद्राचा हप्ता महिन्याला ५०० रुपये पडतो, म्हणजे उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहूनही कमी. २०१९ साली ठरलेला ६,००० चा आकडा पुढची सहा वर्षे तसाच राहिला. त्या सहा वर्षांत १०:२६:२६ ची गोणी किती रुपयांनी चढली आणि कांदा लागवडीची मजुरी एकरी किती झाली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

दुसरे कारण वेळेचे. शेतीत पैशाला मुहूर्त असतो. लाल कांद्याचे रोप टाकायचे तेव्हा बियाण्याला पैसा लागतो, खरिपाच्या पेरणीला जूनमध्ये लागतो, उन्हाळ कांद्याच्या लागवडीला डिसेंबर-जानेवारीत लागतो. त्या पंधरवड्यात दोन हजार आले तर खताच्या गोणीचे उधारीवरचे व्याज वाचते. महिनाभर उशिरा आले तर ते किराणा, औषधपाणी, पोराची फी यांत विरून जातात. उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या एका पाहणीत हेच दिसले. हंगामाच्या भरात हप्ता मिळालेल्यांनी तो शेतीत घातला, बिगरहंगामी मिळालेल्यांनी घरखर्चात. दोन्ही खर्च गरजेचेच. घरखर्चाला आम्ही कमी लेखत नाही. पण आपला हप्ता हंगाम पाहून सुटत नाही, तो समारंभ पाहून सुटतो. एप्रिल ते जुलै २०२५ चा केंद्राचा हप्ता २ ऑगस्ट २०२५ रोजी वाराणसीच्या कार्यक्रमातून सुटला. तोवर आपल्याकडची खरिपाची पेरणी उरकून पिके खुरपणीला आली होती.

तिसरे कारण सर्वात मोठे. केनियाच्या त्या गावात ज्याने पैसा दिला त्याने दुसऱ्या हाताने मक्याचा भाव पाडला नव्हता.

देणारा हात आणि घेणारा हात

शिर्डीला नमोचा पहिला हप्ता वाटला ती तारीख २६ ऑक्टोबर २०२३. तिच्या आगेमागे काय घडले ते ओळीने पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. हप्त्यानंतर दोन दिवसांनी, २८ ऑक्टोबरला, टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ही बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढले आणि शुल्क २० टक्क्यांवर आणले. ते पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ ला. त्याआधी २०१९ च्या सप्टेंबरात बंदी, २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी. सरकारे कोणत्या पक्षाची हा मुद्दा इथे नाही. कांदा चढला की शहराला घाबरून बंदी घालायची ही रीत सर्व पक्षांची आहे.

आता हिशेब करू. एका शेतकऱ्याने एकरभर उन्हाळ कांदा केला आणि चाळीत १०० क्विंटल विकण्याजोगा माल राहिला असे धरा. बंदीमुळे क्विंटलमागे १,००० रुपये कमी मिळाले असे धरा. आकडा तुम्ही आपापल्या पट्टीवरून बदला. या हिशेबाने एका एकरात, एका हंगामात, एका फतव्याने १ लाख रुपये गेले. वर्षाला १२,००० दराने तेवढे परत यायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. पाच एकरवाल्याचा आयुष्याचा हप्ता एका डिसेंबरात कापला गेला.

कोणी म्हणेल, हा एका वर्षाचा अपवाद. नाही. ओईसीडी ही श्रीमंत देशांची आर्थिक संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संस्था यांनी २०१८ साली मिळून एक अहवाल काढला. २००० ते २०१६ पर्यंतच्या वर्षांत खत-वीज-पाणी यांवरची सगळी अनुदाने जमेस धरूनही सरकारी धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याची आवक दरवर्षी सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली, असे त्यात निघाले. शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणत असत ती हीच. आपण म्हणत होतो तेव्हा विद्वान हसत होते. पुढे विद्वानांनीच तो आकडा काढला. ढोबळ हिशेब असा, की वर्षाला २ लाखांचा माल विकणाऱ्याकडून या दराने २८,००० रुपये गेले. ही हप्ता सुरू होण्याआधीची वर्षे आहेत. आता त्यापुढे १२,००० ठेवा आणि सांगा, याला मदत म्हणायचे की परतफेडीचा पहिला तुकडा?

भाव पडला की सरकार अनुदान देते, असेही सांगितले जाते. तेही तपासू. २०२३ च्या फेब्रुवारीत लाल कांदा मातीमोल झाला. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून सगळे खर्च जाता एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा चेक पडला, हे सगळ्या देशाने वाचले. त्यानंतर राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असे अनुदान जाहीर केले. पण त्याला अटी आल्या. बाजाराची पट्टी हवी, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. पीकपाहणी ज्याच्या मोबाईलवर झाली नव्हती तो हेलपाटे घालत बसला. पैसे यायला महिने लागले. अटी असलेला पैसा आणि अटी नसलेला पैसा यांतला फरक एकाच वर्षात आपल्या जिल्ह्याने अनुभवला. म्हणूनच आम्ही म्हणतो, की हप्त्याचा बिनशर्तपणा चांगला आहे आणि तो टिकवला पाहिजे. मात्र त्याच्या मोबदल्यात भावावर गप्प बसायची न लिहिलेली अट कोणी घालू पाहत असेल, तर ती अट आपण मोडली पाहिजे.

सातबारा कोणाचा, पैसा कोणाचा?

हप्ता सातबाऱ्यामागून जातो. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही तो कितीही राबो, तो शेतकरी नाही. वाट्याने किंवा ठोक्याने जमीन करणारा बाहेर. वनपट्टा अजून हातात न पडलेला सुरगाण्याचा आदिवासी बाहेर. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या हजारो माणसांची पहिली मागणी वनजमिनीचीच होती, हे विसरू नका. १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारसाहक्काखेरीज इतर मार्गाने ज्याच्या नावावर जमीन आली तोही योजनेच्या मूळ नियमात बसत नाही. तेलंगणात २०१८ पासून रयतु बंधू योजनेने एकरी पैसे दिले. तिथेही जमीनमालकाला मिळाले आणि प्रत्यक्ष कसणारा कूळ बाहेर राहिला. नाशिकमध्ये राहणाऱ्या मालकाला हप्ता आणि शेतात राबणाऱ्याला काही नाही, असा हा न्याय आहे.

आणि मायबहिणींचे काय? १९८६ च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यात, चांदवडला, लाखो शेतकरी बाया जमल्या होत्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर केली. सरकारने सांगितले म्हणून नव्हे, लक्ष्मीचे ऋण फेडायचे म्हणून. त्या जमिनीचे आज काय होते ते पाहा.

राज्य सरकारने २०२४ च्या जूनमध्ये लाडकी बहीण योजना जाहीर केली. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. पैसा बाईच्या खात्यावर, हेही चांगले. पण नियम असा, की दुसऱ्या सरकारी योजनेतून जेवढे मिळते तेवढे वजा. २०२५ च्या एप्रिलमध्ये शासनाने स्पष्टच केले, की ज्या बाईला शेतकरी सन्मानाचे महिन्याला १,००० मिळतात तिला इथून फक्त फरकाचे ५०० मिळतील. आता दोन घरे शेजारी ठेवा. पहिल्या घरात सातबारा नवऱ्याच्या नावावर. त्याला १,०००, तिला १,५००, घरात २,५००. दुसऱ्या घरात सातबारा बायकोच्या नावावर. तिला १,००० आणि फरकाचे ५००, घरात १,५००. म्हणजे ज्या घराने लक्ष्मीमुक्ती केली त्या घराला महिन्याला १,००० रुपयांचा दंड! हा अन्याय कोणी मुद्दाम केला असे आम्ही म्हणत नाही. पण कागद तयार करणाऱ्याच्या डोक्यात शेतकरी म्हणजे पुरुष आणि बाई म्हणजे लाभार्थी हेच बसलेले असले, की हिशेब असाच निघतो.

भीक कशाला म्हणायचे?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. भीक कशाला म्हणतात? देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, कधी मिळेल ते ठरलेले नसते, किती ते विचारायचे नसते आणि मिळाल्यावर आभार मानावे लागतात, ती भीक. हप्त्यात आज यातले बरेच काही आहे. रक्कम मर्जीची, तारीख समारंभाची आणि निवडणूक आली की मोबाईलवर आठवण. ही लक्षणे काढून टाकली तर तोच पैसा शेतकऱ्याचे येणे होतो. ज्याच्याकडून १४ टक्के काढून घेतले त्याने १२,००० घेताना मान खाली घालायचे कारण नाही. सावकाराकडे अडकलेल्या लाखातले दोन हजार परत आले तर कोणी सावकाराच्या पाया पडत नाही. दोन हजार मोजून घेतो आणि बाकीचे कधी, असे विचारतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी कोणत्याही बाईला, कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला हप्त्यावरून टोचून बोलू नये. ते दोन हजार एखाद्या घरात महिन्याची रक्तदाबाची गोळी असतात, एखाद्या घरात पोरीचा एस.टी.चा पास असतात. आपली लढाई त्या घराशी नाही.

काय करायचे

बोलणे पुरे. पुढच्या जिल्हा बैठकीपर्यंत प्रत्येक शाखेने चार कामे करावीत.

पहिले काम, अडलेल्या हप्त्यांची वही. केवायसी झाली नाही, आधार खात्याला जोडले नाही, जमिनीची नोंद चढली नाही, बँकेने कर्जापोटी खात्याला होल्ड लावला, अशा कारणांनी कोणाचे किती हप्ते राहिले ते गाववार लिहा. कारणांप्रमाणे वेगळे काढा आणि तहसील कार्यालयात एकदम द्या. एकेकट्याने हेलपाटे घालू नयेत. तेलंगणात या पैशाच्या वाटपाच्या वेळी शेतकऱ्यांना फोन करून विचारणा होणार, एवढे अधिकाऱ्यांना कळवले तरी वाटप सुधारल्याचे दिसले होते. कोणीतरी मोजत आहे हे कळले की टेबल हलते.

दुसरे काम, दोन रकान्यांचा हिशेब. प्रत्येक सभासदाने एका बाजूला वर्षात खात्यावर आलेला सर्व सरकारी पैसा लिहावा. दुसऱ्या बाजूला आपल्या पट्ट्या काढून निर्यातबंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या भावातला फरक लिहावा. पट्ट्या फेकू नका, उंदराला खाऊ देऊ नका. ही कागदे आपले पुरावे आहेत. हा हिशेब घरातल्या बाईने लिहावा असे आम्ही सुचवतो, कारण उधारी कोणाची किती राहिली हे तिलाच पाठ असते.

तिसरे काम, ठराव. गावसभेत पुढील मागण्यांचे ठराव घ्या. हप्त्याची रक्कम महागाईशी जोडावी. तारीख हंगामाआधीची आणि कायमची ठरवावी, समारंभाची वाट पाहू नये. कसणारा, वाटेकरी आणि वनपट्ट्याचा दावेदार यांना त्यात घ्यावे. सातबारा बाईच्या नावावर असेल तर तिच्या पैशातली वजावट बंद करावी. ज्या वर्षी सरकार निर्यात रोखेल त्या वर्षी रोखल्याच्या दिवसापासून पडलेल्या भावाचा फरक बिनशर्त खात्यावर जमा करावा. सरकारला शहर सांभाळायचे असेल तर त्याचा खर्च सरकारने करावा. तो कांदेवाल्याच्या चाळीतून वसूल करू नये.

चौथे काम सर्वात अवघड. मते मागायला येईल त्या प्रत्येकाला, झेंडा कोणताही असो, हा दोन रकान्यांचा कागद दाखवा. तो हप्त्याबद्दल बोलेल, तुम्ही पट्टीबद्दल विचारा. तो म्हणेल आम्ही बारा हजार दिले. तुम्ही म्हणा, जमा केले, पोच दिली, आता पुढची ओळ वाचा.

भावांनो आणि मायबहिणींनो, केनियातल्या शेतकऱ्याने सिद्ध केले की गरिबाच्या हातात पैसा दिला तर तो शहाण्यासारखा वापरतो. आपल्याला ते कोणी सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती; उलटी पट्टी घेऊन घरी आल्यावरही पुढच्या हंगामाचे रोप टाकणारी माणसे आपण आहोत. इतक्या थोड्यात इतका संसार चालवणाऱ्याला पैसा कसा वापरावा हे कोणी शिकवू नये. त्याचा पैसा त्याला वेळेवर आणि पुरा मिळावा, आणि त्याच्या मालाची वाट कोणी अडवू नये, एवढेच मागणे आहे.

वह्या आजच घेऊन जा. पुढच्या बैठकीला त्या भरून आणा.